तिसऱ्या खणातली ट्यूब

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी बोंबील साफ करत होते. "ताई, एकतीस वर्षं तुम्ही औषधांच्या दुकानात काढलीत. आमच्या दिवाळी अंकासाठी दमट हवेत त्वचा कशी जपावी यावर काहीतरी हलकंफुलकं लिहा ना. पाच-सहा टिपा दिल्यात तरी चालेल!"

टिपा! मी म्हटलं, लिहिते, पण हलकंफुलकं काही जमायचं नाही. या विषयावर बोलायला लागले की माझं डोकं फिरतं. लोकांच्या मूर्खपणामुळे फिरतं, दुकानदारीमुळे फिरतं आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःमुळे फिरतं. तर बाई, छापायचं असेल तर छापा.

भाईंदर पश्चिमेला, बसस्टॉपच्या समोर आमचं दुकान. 'आमचं' म्हणायची आपली सवय. दुकान शेठचं, मी पगारी फार्मासिस्ट. भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये लावलेलं सर्टिफिकेट तेवढं माझं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला मिठागरं, पलीकडे उत्तनचा समुद्र. इथे मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये आंघोळ करून अंग पुसेपर्यंत पुन्हा घाम फुटलेला असतो. आणि अशा हवेत कुणाला मॉइश्चरायझर सुचवलं की ठरलेलं उत्तर यायचं, "एवढ्या घामात क्रीम कशाला, मॅडम? ओलावा आहे की अंगाला!"

अहो, घाम म्हणजे ओलावा नव्हे हो! घाम म्हणजे खारं पाणी. ते सुकलं की कातडीवर मीठ उरतं. ते चिकचिकतं म्हणून तुम्ही दिवसातून तीनदा साबण चोळता, आणि घामाबरोबर कातडीचं स्वतःचं तेलही गटारात सोडता. मग ऑफिसात जाऊन आठ तास एसीखाली बसता. वरून अंग चिकट आणि आतून कातडी कोरडी ठक्क, अशी आपल्याकडची गंमत आहे. म्हणून साबण एकदाच, आणि तोही काखा-जांघा-पाय एवढ्यापुरता. बाकी नुसतं पाणी. अंग टिपायचं, खसाखसा पुसायचं नाही, आणि ते किंचित ओलं असतानाच पातळसं लोशन लावायचं. जिथे कातडीला कातडी चिकटते तिथे मात्र काही थापायचं नाही, ती जागा कोरडी ठेवायची. झाल्या टिपा. हे एवढं सांगायला मला अडीच मिनिटं लागायची, आणि अडीच मिनिटं ऐकून घ्यायला कुणालाही वेळ नसायचा.

गिऱ्हाइकं तरी काय एकेक! एक गृहस्थ उन्हाळ्यात आठवड्याला पावडरचा एक डबा संपवायचे. काखेत, मानेवर, जांघेत नुसती थापायचे. घाम आला की त्या पावडरचा लगदा व्हायचा आणि लगद्याखाली लालभडक पुरळ. मग दुकानात येऊन माझ्यावरच डाफरायचे, "मॅडम, कंपनीने क्वालिटी घालवली!" दुसरी एक नवी नवरी. मोबाइलवर कुठल्याशा थंड देशातल्या मुलीचा व्हिडिओ बघून तिने भर मे महिन्यात तोंडाला लोण्यासारखं घट्ट क्रीम लावलं. गालावर मोहरीएवढे फोड. "उसने तो ग्लो आएगा बोला था, आंटी." मी म्हटलं, "बेटा, वो बर्फ में बैठी है, तू भायंदर में बैठी है." हसली बिचारी. आणि एक आई नऊ वर्षांच्या मुलीला हाताला धरून घेऊन आली, "हिला उजळ करायचं काहीतरी द्या." पोरगी खाली मान घालून उभी. त्या बाईला मी असं काही फैलावर घेतलं की ती परत दुकानाकडे फिरकली नाही. शेठ म्हणाले, "ताई, गिऱ्हाईक तोडू नका." मी म्हटलं, "शेठ, ते पाप मी करणार नाही."

किती तत्त्वाची बाई होते ना मी! घरी येऊन नवऱ्याला रंगवून सांगितलं होतं. आणि त्याच आठवड्यात वनिताला मी तिसऱ्या खणातली ट्यूब दिली.

वनिता चौकची. चौक म्हणजे उत्तनजवळचं कोळ्यांचं गाव. नवऱ्याची होडी बंद पडल्यापासून सगळं घर तिच्या मासळीच्या पाटीवर. सकाळच्या बसने ती भाईंदरला यायची आणि बिल्डिंगांच्या गेटवर बसून मासळी विकायची. त्या दिवशी पाटी दुकानाच्या पायरीवर टेकवून ती आत आली आणि पदराखालून हात काढून काउंटरवर ठेवले. बोटांच्या पेरापेरावर चिरा. दोन चिरांतून रक्त येत होतं.

"ताई, हाताला कायतरी दे. बर्फ लागला का जीव जातो."

"हात कशाने धुतेस?"

"कपड्याच्या पावडरीनं. मंग लिंबू चोळते."

"चिरांवर लिंबू? वेडी आहेस का तू?"

"वास जाया पायजे ना, ताई! बिल्डिंगमधल्या बाया नाकाला पदर लावतात. एक तर म्हनाली, तुज्या हाताचा वास नोटांना लागतो."

मला सगळं तिथल्या तिथे कळलं होतं. पहाटेपासून बर्फात आणि खाऱ्या पाण्यात हात, त्यावर कपड्यांची पावडर, त्यावर लिंबू. त्या हातांना औषध नकोच होतं. साधं पाणी, घट्ट पेट्रोलियम जेली आणि हातमोजे हवे होते. पण ते समजावून सांगायला दहा मिनिटं लागली असती, आणि तिच्या मागे पाच माणसं चिठ्ठ्या नाचवत उभी होती. मी तिसरा खण ओढला.

त्या खणात काय असायचं ते सांगते. एका ट्यूबमध्ये तीन औषधांची खिचडी. बुरशीवर एक, जंतूंवर एक आणि तिसरं जोरदार स्टिरॉइड. खाज, लाली, चिरा, सगळं दोन दिवसांत गायब करतं, म्हणून लोक तिच्यावर खूश. पण महिनोन् महिने लावली की तीच ट्यूब कातडी खात जाते. असल्या औषधाच्या खोक्यावर उभी लाल रेघ असते. लाल रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. हे सांगायलाच तर फार्मासिस्ट दुकानात बसवलेला असतो.

"पाच दिवस लाव," मी म्हटलं. तिसऱ्या दिवशी ती कागदात बांधून मांदेली घेऊन आली. "ताई, जादू केलीस बघ!" मी मांदेली घेतली. तळून खाल्ली. चांगली होती.

महिन्याने ती पुन्हा आली. मग दर महिन्याला. पुढे पुढे तर तिने दुकानाची पायरी चढली की ती काही बोलायच्या आत माझा हात खणाकडे जायचा. गिऱ्हाईक न बोलता ओळखणं ही आमच्या धंद्यात मोठी हुशारी समजतात. मलाही त्या हुशारीचा अभिमान होता, आग लागो त्या अभिमानाला! एकदा तिने खोकं उलटसुलट करून विचारलं होतं, "ताई, ही लाल रेघ कसली गो?" दुकानात गर्दी होती. मी म्हटलं, "काही नाही गं, कंपनीची छपाई असते ती." चार वर्षं ती ट्यूब मी तिला देत राहिले.

मग मी रिटायर झाले. वनिता मात्र रोज भेटायची, कारण आमच्याच सोसायटीच्या गेटपाशी तिला बसायला जागा मिळाली होती. सेक्रेटरी तिवारीजींकडे शब्द मीच टाकला होता. एका सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. वनिताचे हात, मोठे करून, लाल वर्तुळ काढून. खाली मजकूर: 'मासळीवालीला त्वचारोग आहे. आपली मुलं खाली खेळतात. तिला ताबडतोब हटवावे.' पाठवणाऱ्या पाटणकरबाई. दर शुक्रवारी वनिताकडून पापलेट घासाघीस करून घेणाऱ्या, आणि नोटांना वास लागतो म्हणणाऱ्याही त्याच. दहा मिनिटांत अंगठ्यांची रांग लागली. ज्यांना गेटवर मासळीच नको होती त्यांना आयतं कारण मिळालं. संध्याकाळपर्यंत फर्मान निघालं, रविवारच्या मीटिंगपर्यंत वनिताने बसायचं नाही.

मी तणतणत खाली गेले. वनिता पाटी आवरत होती. "आता कुठं जाऊ ताई? दुसऱ्या गेटांवर दुसऱ्या बाया बसतात. पोरीची फी हाय, घर हाय."

"ते बघू. आधी हात दाखव."

बऱ्याच दिवसांत मी तिचे हात नीट बघितले नव्हते. मासळी घेताना आपण मासळी बघतो. तिने ते हात उन्हात धरले. हाताच्या पाठीची कातडी लसणीच्या सालीसारखी पातळ, चकचकीत, आतल्या बारीक लाल शिरा दिसत होत्या. नखांच्या कडा सुजलेल्या. जरा दाबलं तरी कातडी फाटेल असं वाटत होतं.

"काय लावतेस तू याला?"

तिने कमरेच्या पिशवीतून ट्यूब काढली. "तुजीच की! तू गेल्यापासनं दुकानात सांगते, सामंतताई द्यायची ती दे. रोज निघायच्या आदी लावते. लावली का हात कसे गुळगुळीत दिसतात, बाया नाक मुरडत न्हाय. आता दोनदा लावते, तरी चिरतं."

ती औषध लावतच नव्हती. पावडर-क्रीम लावून बाहेर पडावं तशी ती रोज हातांना स्टिरॉइड लावून बाहेर पडत होती, आमच्या बायकांना हात बरे दिसावेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. कातडीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण कडक. हात बघितले, ट्यूब बघितली आणि ट्यूब टेबलावर आपटलीच. "सुरुवात बर्फाने आणि पावडरने झाली असेल. पण ही दशा या ट्यूबने केलीय. किती वर्षं? कोणी दिली?"

"दुकानातनं," वनिता म्हणाली. बस, एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचत बसले. बाळाला कितव्या महिन्यात कुठली लस, सगळं वाचून काढलं. डॉक्टरीणबाईंनी ट्यूब बंद करायला लावली, जेली आणि हातमोजे सांगितले आणि कागदावर लिहून दिलं की हे संसर्गाचं नाही, कुणाला लागत नाही. परतताना बसमध्ये वनिताने विचारलं, "ताई, डाक्टरीण ट्यूबवर एवडी का पेटली गो?"

"मीटिंग होऊन जाऊ दे, मग सांगते," मी म्हटलं.

रविवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. वनिताला तिवारीजींनी बोलावून एका खांबाशी उभं केलं होतं. खुर्ची द्यायचं कुणाला सुचलं नाही. मी कागद वाचून दाखवला. तिवारीजी म्हणाले, "देखिए सामंत मॅडम, पेपर तो ठीक है, लेकिन हायजीन का सवाल है."

"कसलं हायजीन?" माझा आवाज चढला तो चढलाच. "तुम्हाला ताजी मासळी हवी, म्हणून ती पहाटेपासून बर्फात हात घालते. तुम्हाला वास नको, म्हणून कपड्यांच्या पावडरने हात धुते, वर लिंबू चोळते. इथल्या एकीने तरी कधी आपल्या नाजूक हातांवर चिरेत लिंबू पिळून बघितलंय? तुमच्या नाकासाठी तिने हात सोलून घेतले, आणि आता ते सोललेले हात बघवत नाहीत म्हणून तिला हाकलता? लाजा नाही वाटत?"

आपण जिंकलो असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. एवढ्यात पाटणकरबाई म्हणाल्या, "अहो, पण लिंबाने एवढं होतं का? ती स्वतःच काहीबाही लावत असणार. अडाणी असतात हो ही माणसं, कुणी काही सांगितलं की चोपडतात."

अडाणी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खांबाशी वनिता हात पदरात लपवून उभी होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "अडाणी ती नाही, पाटणकरबाई. अडाणी मी! ती ट्यूब मी दिलीय तिला. चार वर्षं, दर महिन्याला, चिठ्ठी न बघता. भिंतीवर सर्टिफिकेट लावून. त्यात काय आहे ते मला पक्कं माहीत होतं. हात खराब झाले ते माझ्यामुळे. हाकलायचं असेल तर मला हाकला या सोसायटीतून!"

एका आजोबांनी घसा खाकरला. तिवारीजी घाईघाईने म्हणाले, "ठीक है, ठीक है, बैठने दो उसको," आणि पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा निघाला. जागा राहिली.

वनिता गेटपाशी माझी वाट बघत होती. मला वाटलं रडेल, नाहीतर 'जाऊ दे ताई' म्हणेल. कुठल्या तरी कोपऱ्यात माझी तीच अपेक्षा होती, निर्लज्ज मन!

"लाल रेघ कंपनीची हाय, म्हनाली होतीस ना तू?"

"हो."

"कसली होती ती?"

"चिठ्ठीशिवाय देऊ नये, याची खूण."

"आनि तुला ठाव होतं."

"हो, वनिता."

तिने चुंबळ डोक्यावर बसवली, पाटी उचलली. "त्या बाईला सांग, मी अडानी न्हाय. मी इचारलं होतं."

आणि ती गेली. तिने शिव्या घातल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या.

पुढचे दोन महिने वाईट होते. इतक्या वर्षांची ट्यूब सुटताना कातडी सूड उगवल्यासारखी भडकते. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलंच होतं. हात लाल व्हायचे, आग आग व्हायची. तरी ती रोज आली. आत जुन्या बनियनच्या कापडाचे, पोरीने शिवलेले हातमोजे, त्यावर रबराचे. पण हातमोज्यातून मासळीचा कस कळत नाही. सुरमई दाबून ताजी आहे की नाही हे बोटांनी सांगणारी बाई ती, तिला अंदाजाने द्यावी लागायची. गिऱ्हाइकं कुरकुरायची. भर ऑक्टोबरच्या उकाड्यात रबराच्या आत घाम साचतो, म्हणून दर थोड्या वेळाने मोजे काढून हात वाळवायचे, पुन्हा घालायचे. मी रोज खाली जायचे. ती मासळी द्यायची, सुटे पैसे द्यायची, बोलायची मात्र नाही. मीही लोचटासारखी रोज मासळी घेत राहिले. घरात नवरा म्हणाला, "किती मासळी खायची गं?" मी म्हटलं, "गप्प खा!"

दुकानात जाऊन शेठशीही भांडून आले. तो तिसरा खण रिकामा करा म्हटलं. शेठ हसले. "ताई, तुम्ही होता तेव्हा तुम्हीच भरायला सांगायचात." खरंच होतं. खण अजून भरलेला आहे. आमच्याच नव्हे, गल्लीगल्लीतल्या दुकानांत भरलेला आहे, आणि पावसाळा आला की नायटा झालेली माणसं रांगेत उभी राहतात. म्हणून संपादकबाई, तुमच्या टिपांमध्ये एवढी एक माझ्याकडून घाला: खोक्यावर लाल रेघ दिसली तर दुकानदाराला तोंडावर विचारा. तो 'छपाई आहे' म्हणाला तर तो खोटं बोलतोय. मी बोलले होते.

हात आता सावरलेत. पूर्वीसारखे नाहीत, होणारही नाहीत, पण चिरत नाहीत. महिन्याभरापूर्वी वनिताकडची जेलीची डबी संपली. सकाळी बसमधून उतरताच तिने दुकानातून नवी आणली. मी पिशवी घेऊन गेटवर गेले, तर तिने मासळी दाखवायच्या आधी डबी माझ्या हातात ठेवली.

"वाच."

"अगं, साधी जेली आहे ही, डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेलीच."

"आदीपन तू 'काय न्हाय' म्हनाली होतीस. वाच, ताई. सगळं वाच."

मागे पाटणकरबाई पिशवी घेऊन उभ्या होत्या, त्यांच्या मागे आणखी दोघी. ऊन चढत होतं, मानेवरून घाम ओघळत होता. मी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि गेटपाशी उभी राहून डबीवरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला लागले. नाव, आत काय आहे, कशासाठी, कसं लावायचं, कधीपर्यंत वापरायचं. वनिताने पाटीवरचं फडकं उचललं नाही. शेवटची ओळ होईपर्यंत तिने कुणालाच मासळी दिली नाही.